एकच देवडी, दोन बिऱ्हाडं : घरचं इंटरनेट दोन कम्प्युटरांत वाटताना

"अरे, एकाच वायरवर दोन्ही कम्प्युटर चालवले तर ह्याच्यातलं त्याला दिसतं का रे?" चिपळूणहून मावशीने फोनवर विचारलं. तिच्याकडे जुना डेस्कटॉप आहे. नातू त्यावर गेम खेळतो आणि शाळेचे प्रोजेक्ट करतो. त्यात मावसबहीण घरूनच नोकरी करायला पुण्याहून राहायला आली आणि सोबत ऑफिसचा लॅपटॉप आला. फायबरचं कनेक्शन एक, कम्प्युटर दोन, आणि मावशीला धास्ती.

सध्या हा प्रश्न घरोघरी आहे, आणि त्याला एक निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपला. नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळण्याची सोय ठेवली गेली, बाकीच्यांचे थांबले. चालू कम्प्युटर आपण टाकून देत नाही. तो मुलांना देतो, दुकानाच्या हिशेबाला लावतो, आणि नवा लॅपटॉप त्याच वाय-फायवर जोडतो. ठिगळ लावायचं थांबलेलं एक यंत्र आणि ज्यावर आपली बँक, पगार, कागदपत्रं आहेत असं दुसरं यंत्र, दोन्ही एकाच घरात.

मावशीला दिलेलं उत्तर असं: इंटरनेट वाटल्याने काही दिसत नाही. पण वाटण्यासाठी आपण दोन्ही कम्प्युटर एकमेकांचे शेजारी करून ठेवतो, आणि शेजाऱ्याच्या दाराला कडी आहे की नाही हे बघत नाही.

वाडा, देवडी आणि वही

जुन्या पुण्यातला भाडेकरूंचा वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडे एकच दरवाजा. आत शिरल्यावर देवडी, तिथे रखवालदार. मग चौक आणि चौकाभोवती बिऱ्हाडं. पोस्टमनला वाड्याचा पत्ता माहीत. आत कोण कुठल्या खोलीत राहतं हे रखवालदाराला माहीत.

घरातला राउटर म्हणजे ही देवडी. इंटरनेट कंपनीकडून तुमच्या घराला एक पत्ता मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. राउटर आतल्या प्रत्येक यंत्राला वेगळा, फक्त घरापुरता क्रमांक देतो. हा क्रमांक बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होतो, कारण असे काही गट १९९६ सालीच खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवले गेले. लाखो घरांत तोच क्रमांक असू शकतो. "जिन्याखालची खोली" प्रत्येक वाड्यात असते, पण नुसतं तेवढं पाकिटावर लिहून पत्र पोचत नाही. तसंच हे.

एवढा खटाटोप कशासाठी? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जगभरात वाटायचा त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. एका पत्त्याआड सगळं घर बसवल्याशिवाय भागणारच नव्हतं. आपल्याकडे तर कित्येक कंपन्या अनेक घरं मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, म्हणजे आपला वाडा आणखी एका मोठ्या वाड्याच्या पोटात असतो.

आता रखवालदाराची वही. लॅपटॉपने बातम्यांच्या साइटला विचारणा पाठवली की राउटर नोंद करतो: अमक्या खोलीतून, तमक्या ठिकाणी, इतक्या नंबरची चिठ्ठी गेली. उत्तर आलं की वहीत बघून ते त्याच खोलीत पोचवतो. या नोंदीच्या व्यवहाराला नॅट म्हणतात. कोणी मागवलं नसताना बाहेरून काही आलं, तर वहीत नोंद सापडत नाही आणि ते दारातूनच परत जातं. नॅट पत्त्यांची टंचाई भागवायला आलं, पण त्यातून घराला आयतं संरक्षण मिळालं.

त्याची किंमत कळायची तर २००३ सालाकडे बघा. तेव्हा बऱ्याच घरांत राउटर नसे. केबलवाला वायर थेट कम्प्युटरच्या पाठीमागे खोचून जाई. त्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा, म्हणजे आपणहून पसरणारा व्हायरस, पसरला. कोणी काही उघडायची, क्लिक करायची गरज नव्हती. कम्प्युटर इंटरनेटला जोडलेला आहे आणि त्यातली चूक दुरुस्त केलेली नाही, एवढं त्याला पुरे होतं. स्क्रीनवर एक मिनिटाची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. राउटरआड बसलेले कम्प्युटर बाहेरून येणाऱ्या त्या माऱ्यातून बहुतांशी सुटले.

इथे एक पुरवणी. पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्त्यांची टंचाई नाही, म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळतो. ही पद्धत वापरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. तिथे वहीचं आयतं संरक्षण नसतं. न मागवलेलं अडवायचं काम राउटरची फायरवॉल करते. राउटरच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे ना, एवढं बघून घ्या. कुठला तरी गेम चालेना म्हणून कोणी ती बंद करायला सांगितली, तर ऐकू नका.

देवडी रस्त्याकडे बघते, चौकाकडे नाही

सगळी गफलत इथेच होते. राउटर आहे म्हणजे घर सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण रखवालदार रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो. चौकातून एका बिऱ्हाडाचा माणूस दुसऱ्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत गेला तर तो विचारत नाही. तसा त्याला हुकूमच नाही. एकाच वाय-फायवरचे दोन कम्प्युटर एकमेकांना थेट हाक मारू शकतात. फाइल पाठवता येते, प्रिंटर सापडतो, टीव्हीवर फोटो दाखवता येतात, ते याच जोरावर.

आणि संकट नेहमी रस्त्यावरून येतं असं नाही. नातवाने गेमची फुकट प्रत उतरवली, त्यातून काही आत आलं. रखवालदाराच्या वहीत त्याची रीतसर नोंद आहे, कारण ते आपणच मागवलं होतं. आता ते चौकात उभं आहे आणि शेजारच्या दारांना धक्के देऊन बघतंय.

२७ जून २०१७ ची घटना यासाठी नीट समजून घेण्यासारखी आहे. नॉटपेट्या नावाचं विध्वंसक सॉफ्टवेअर त्या दिवशी युक्रेनमधून सुटलं. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते आत शिरलं आणि काही तासांत जगभरच्या कंपन्यांत पसरलं. त्याची झळ आपल्या न्हावा-शेवापर्यंत आली, तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते पसरण्याच्या वाटा दोन होत्या. विंडोजमध्ये शेजारच्या कम्प्युटरला फाइल देण्याघेण्याची जी सोय असते, तिच्या जुन्या आवृत्तीत चूक होती, ही पहिली वाट. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण अनेकांनी ती घेतली नव्हती. दुसरी वाट जास्त घातक. बाधित कम्प्युटरच्या मेमरीत पडलेली नावं आणि पासवर्ड गोळा करायचे आणि त्याच किल्ल्या शेजारच्या कम्प्युटरला लावून बघायच्या. त्यामुळे वेळच्या वेळी दुरुस्ती केलेले कम्प्युटरही पडले. त्यांचं कुलूप चांगलं होतं, पण किल्ली शेजाऱ्याच्या खुंटीवर टांगलेली होती.

घरात आपण नेमकं हेच करतो. दोन्ही कम्प्युटरांवर अॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून एकच नाव, एकच पासवर्ड, लक्षात राहावा म्हणून. मावशीकडे दोन्हीकडे नातवाची जन्मतारीख होती. हा पासवर्ड दोन्हीकडे वेगळा ठेवा. आणि मुलांना रोजच्या वापरासाठी साधं खातं काढून द्या, अॅडमिनचं नको. नवीन काही बसवायचं झालं की मोठ्यांना विचारावं लागेल, आणि तसं विचारावं लागणं चांगलंच.

दुसरं काम एका मिनिटाचं आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' ठरवते. "घर आपलंच आहे" म्हणून आपण प्रायव्हेट निवडतो. त्याचा अर्थ होतो, चौकातल्या सगळ्यांना मी दिसू दे. पब्लिक निवडलं की कम्प्युटर आपलं दार आतून लावून घेतो. इंटरनेट तसंच चालतं, वेगात काही फरक पडत नाही. दोन कम्प्युटरांत फाइली द्यायच्याघ्यायच्या नसतील तर घरातही पब्लिकच ठेवा. द्यायच्या असतील तर एकच फोल्डर, पासवर्ड लावून. अख्खी डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला उघडी करून देणारे हुशार मित्र मी पाहिले आहेत.

"मग माझे बँकेचे व्यवहार त्या कम्प्युटरवरून दिसतील का?"

सहसा नाही. बँकेची साइट आणि तुमचा ब्राउझर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद पेटीतून चालतं. पेटी चौकातून जाते, पण किल्ल्या दोन टोकांनाच असतात. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं ते हेच. वाटेत बसलेल्याला फार तर कुठल्या साइटशी बोलणं चाललंय हे कळेल, काय चाललंय ते कळणार नाही. मात्र वाटेत कोणी पेटी बदलायचा प्रयत्न केला तर ब्राउझर मोठा इशारा देतो की हे कनेक्शन खासगी नाही. "पुढे जा" दाबून तो इशारा ओलांडू नका. घरच्या वाय-फायवर बँकेच्या साइटला असा इशारा आला तर आधी कम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का ते पाहा. ती बरोबर असेल तर त्या जोडणीवर व्यवहार करू नका.

हे संरक्षण वाटेपुरतं आहे. ज्या कम्प्युटरवर तुम्ही पासवर्ड टाइप करता तोच बाधित असेल तर पेटी कितीही भक्कम असून उपयोग नाही. म्हणून बँकेचं काम नव्या लॅपटॉपवरच, जुन्या डेस्कटॉपवर नाही, एवढी एक शिस्त घरात लावून घ्या.

दोन चौक करा

आता मुख्य उपाय. दोन चौकी वाड्यात मागच्या चौकातल्याचा पुढच्या चौकाशी संबंध नसला तरी चालतं, रस्ता मिळाला की झालं. आजच्या बऱ्याच राउटरांत ही सोय आयती असते. तिचं नाव गेस्ट नेटवर्क. राउटर दुसऱ्या नावाचं आणि दुसऱ्या पासवर्डचं वाय-फाय सुरू करतो. त्यावर इंटरनेट मिळतं, पण मुख्य नेटवर्कवरची यंत्रं दिसत नाहीत. नाव पाहुण्यांचं असलं तरी तिथे कायमचं राहायला पाठवायचा तो आपला जुना डेस्कटॉप. सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट टीव्ही हेही तिथेच. वर्षानुवर्षं ज्यांचे अपडेट येत नाहीत ते सगळे एका चौकात, ज्यावर पैशाचं आणि नोकरीचं काम चालतं ते दुसऱ्या. सेटिंगमध्ये "पाहुण्यांना घरचं नेटवर्क दिसू दे" अशा अर्थाची एक चौकट असते, ती रिकामी ठेवायची.

इथे मी स्वतः फसलो होतो, म्हणून सांगतो. मावशीचा डेस्कटॉप लॅन केबलने राउटरला जोडलेला होता. मी गेस्ट नेटवर्क सुरू केलं, काम झालं म्हणून उठलो, आणि नंतर लक्षात आलं की डेस्कटॉप अजून मुख्य चौकातच आहे. बहुतेक घरगुती राउटरांत गेस्टची सोय फक्त वाय-फायला असते, मागची केबलची भोकं मुख्य नेटवर्कचीच असतात. मग यूएसबीला लावायचा, अंगठ्याच्या पेराएवढा वाय-फाय डोंगल आणला, गेस्टचा पासवर्ड टाकला आणि केबल काढून ठेवली. केबल काढायची विसरू नका, नाहीतर डेस्कटॉप दोन्ही चौकांत पाय ठेवून बसेल.

कंपनीने दिलेल्या बॉक्समध्ये गेस्टची सोय नसेल तर दुसरा राउटर घेऊन पहिल्याला जोडता येतो. त्यात कोण कुठे बसवायचं याची गल्लत होते. सहज सुचतं की जुना, संशयित कम्प्युटर आतल्या नव्या राउटरआड ठेवावा. ते उलटं आहे. आतल्या राउटरची देवडी बाहेरून येणाऱ्याला अडवते. तिच्या बाहेर आहे पहिला चौक. म्हणजे आतला माणूस बाहेरच्या चौकात सहज जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही. म्हणून जपायचा तो लॅपटॉप आतल्या राउटरआड आणि जुना डेस्कटॉप बाहेरच्या, कंपनीच्या बॉक्सवर. देवघर माजघराच्या आत असतं, ओसरीवर नाही.

किल्ली दारावरच लिहिलेली

कनेक्शन बसवायला येणारी मुलं घाईत असतात. दिवसाला दहा घरं करायची असतात, मी त्यांना दोष देत नाही. पण पासवर्ड म्हणून ते ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकून जातात. मावशीकडेही तसंच होतं, आणि तिचा नंबर आळीत सगळ्यांकडे आहे.

समजा नंबर कोणाला माहीत नाही. तरी हिशेब करून बघा. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हाची देवाणघेवाण जवळपास बसून टिपता येते आणि मग घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड ताडून बघता येतो. या कामी एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. ४०० कोटी भागिले १० लाख म्हणजे ४००० सेकंद. देशातला प्रत्येक संभाव्य मोबाइल नंबर सव्वा तासाच्या आत तपासून होतो.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या, अडकित्ता-तेरडा-गोणपाट-वेलदोडा असे, आणि रोमन अक्षरांत टाइप करा. हेच चार नकोत, ते आता छापून झाले. मावशीने स्वतःचे निवडले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. ते चालतं. आपला चोर स्वयंपाकघरात येणारा नाही.

राउटरच्या स्वतःच्या सेटिंगला वेगळा पासवर्ड असतो. बऱ्याच राउटरांवर तो 'अॅडमिन' असाच असतो, तोही बदला. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. आणि डब्ल्यूपीएस नावाची, पिन टाकून झटपट जोडायची सोय असते ती बंद करा. तिचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झालं.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. त्याचं उत्तर नवी मुंबईत घडलेलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल काही मिनिटं आधी माध्यमांना गेला होता. पोलिसांनी आयपी पत्त्यावरून माग काढला तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. पण बाहेरून दिसतो तो वाड्याचा पत्ता, आतून पत्र कोणी टाकलं ते पाकिटावर नसतं. त्यामुळे पहिल्यांदा दार वाजलं ते त्याचंच. चोरण्यासारखं काही नसलं तरी तुमचा पत्ता असतो, आणि दुसऱ्याला तोच हवा असतो.

यंत्रांचंही तसंच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, बस. त्या यंत्रांच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये केलेल्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास विस्कळीत झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांचं काही चोरीला गेलं नाही, आणि आपलं यंत्र त्यात होतं हेही बहुतेकांना कळलं नाही.

म्हणून राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते ती अधूनमधून वाचा. मावशीकडे नऊ नावं निघाली, घरात यंत्रं पाच. दोन शेजारच्या काकूंचे फोन होते, लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळेसाठी मावशीनेच पासवर्ड दिला होता. दोन कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकूंना गेस्टचा पासवर्ड दिला, मुख्य बदलला. शेजारधर्म राहिला आणि दारही लागलं.

स्पीड अर्धा होतो का?

नाही. वाटणी वापराप्रमाणे होते, माणशी नाही. १०० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर व्हिडिओ कॉलला त्यातले चारदोन एमबीपीएस पुरतात. कॉल अडखळतो तो बहुधा दुसऱ्या कम्प्युटरवरून मोठी फाइल वर चढत असताना. ते काम रात्री लावा. लॅपटॉपला केबल जोडत असाल तर आतल्या आठही तारा जोडलेल्या आहेत ना ते पाहा. चारच जोडल्या तरी नेट चालतं, पण १०० च्या वर जात नाही.

झालं की नाही, कसं कळणार?

मावशीच्या घरचा प्रिंटर मुख्य वाय-फायवर आहे. त्याचा क्रमांक राउटरच्या यादीत मिळाला. मावसबहिणीच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' (दुसऱ्या यंत्राला हाक मारायची आज्ञा) आणि पुढे तो क्रमांक टाइप केला. चार हाका, चार उत्तरं. मग डेस्कटॉपवर बसलो, नातू शेजारी उभा. तोच क्रमांक, तीच आज्ञा. चारही वेळा उत्तर नाही. त्याच डेस्कटॉपवर लगेच त्याच्या शाळेची साइट उघडून पाहिली, ती उघडली.

"म्हणजे ह्याला तो दिसत नाही," मावशी म्हणाली. "पण मग ह्याने प्रोजेक्टची प्रिंट कशी काढायची?"

प्रिंटरच्या खोक्यात न वापरलेली यूएसबी केबल होती. ती डेस्कटॉपला लावून दिली.